हेलिकॉप्टरचं मावंदं

माझ्या धाकट्या जाऊबाईच्या पायांवर मी डोकं ठेवलं तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते आणि ती एकोणपन्नास. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिच्या ओटीत नारळ मी घातला होता. साडीच्या निऱ्या कशा घालायच्या तेसुद्धा मीच शिकवलं होतं. आणि आता ती पाटावर बसली होती, आणि मी तिच्यासमोर जमिनीवर.

आमच्या घरात कुणी तीर्थयात्रेहून आलं की मावंदं होतं. खरं तर ते काशीहून आल्यावर घालायचं असतं, पण माझ्या सासूबाईंनी त्यात चारधाम, अमरनाथ सगळंच घेतलं होतं. यात्रेहून आलेल्या माणसाला पाटावर बसवायचं, त्याचे पाय परातीत ठेवून धुवायचे, हळदकुंकू लावायचं, आणि मग घरादारातल्या प्रत्येकानं त्या पायांवर डोकं ठेवायचं. यात वय बघत नाहीत. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडायचं ते वर्षातून नाही, आयुष्यातून एखाद्याच दिवशी. त्यानंतर पुरणपोळीची पंगत. "नमस्कार माणसाले नसते वं," सासूबाई म्हणायच्या, "त्याचे पाय जिथं जाऊन आले, त्या जागेले असते."

सासूबाई गेल्या, पण पद्धत राहिली. तेवढ्यापुरतं माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की हिचे पाय गेले कुठं होते? ही तर अमरनाथला हेलिकॉप्टरनं गेली होती.

मी मत्सरी बाई आहे. हे आता साठीला आल्यावर लिहून टाकायला हरकत नाही. आम्ही नागपूरला प्रताप नगरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, यजमान शिक्षक होते. दिराचा बुटीबोरीला पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना आहे आणि घर धरमपेठेत, अंगणात चाफा असलेलं. मी कचेरीतून घामाघूम होऊन यायचे आणि सासूबाई धाकटीच्या घरच्या थंडाव्याचं कौतुक सांगायच्या. माझी पातोडी त्या मुकाट्यानं खायच्या आणि तिच्या पातोडीची चव चारचौघांत सांगायच्या. बरं, ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती वाईट नाही. माझ्या बाळंतपणात दीड महिना येऊन राहिली होती. पण उपकार करणाऱ्या माणसाचा राग जरा जास्तच येतो, असं माझं मत आहे.

तर ते पहिलं मावंदं. धरमपेठेतला हॉल माणसांनी भरलेला, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास, आणि जो तो हेलिकॉप्टरबद्दल विचारत होता. देवाबद्दल कमी, हेलिकॉप्टरबद्दल जास्त. केवढं असतं, भीती वाटली का, कान दुखले का. दिरांचे पाय आधीच धुऊन झाले होते, ते हातवारे करून सांगत होते. "आमचं दर्शन एकदम निवांत झालं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती गप्प होती. मला वाटलं, आता हिला बोलायचीसुद्धा गरज उरली नाही.

माझी पाळी आली. मी गुडघे वाकवून खाली बसले आणि डोकं टेकवणार एवढ्यात तिनं पाय मागे ओढून घेतले. परातीतलं पाणी हिंदकळून माझ्या पदरावर आलं. मी मान वर करून पाहिलं तर तिनं नजर खाली घातलेली. इतका नखरा मी तिच्यात कधी पाहिला नव्हता. पाया पडून घ्यायचं आणि वर संकोचही दाखवायचा. मी ते पाय पुढे ओढले, डोकं टेकवलं, आणि हळूच म्हटलं, "थोडं पुण्य आमच्याकडेही राहू दे वं."

माझ्या मागच्या बाईनं विचारलं, "देव केवढा होता?" म्हणजे गुहेतलं ते बर्फाचं लिंग. तिनं आधी दिराकडे पाहिलं. मग पाटावर बसल्या बसल्या हात वर केला आणि आपल्या कपाळाशी नेऊन थांबवला.

"एवढा," ती म्हणाली.

सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा जोडले.

घरी येताना स्कूटरवर मी यजमानांना म्हटलं, "पुढच्या वेळेस त्या हेलिकॉप्टरच्या चाकालेच हळदकुंकू लावा म्हणावं. तेच गेलं होतं वर."

"काहून चिडून राहिली वं? तुले जायचं असन तं सरळ सांग ना."

"मले कुठं जायचं आहे," मी म्हटलं.

पण मला जायचं होतं. नेमकं काय हवं होतं तेही मला पक्कं ठाऊक होतं. मला देव नको होता, निदान आधी तो नको होता. मला तो पाट हवा होता. मला तिथं बसायचं होतं आणि तिनं खाली बसून माझे पाय धुवायला हवे होते. एकदा. तेवढं झालं की बाकी सगळं, चाफा आणि पातोडी आणि सासूबाईंचं कौतुक, मी सोडून द्यायला तयार होते.

दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि पहिल्या महिन्यात यात्रेचा फॉर्म आणला. त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरांनी यजमानांचे गुडघे आणि साखर पाहिली आणि पेन खाली ठेवलं. माझ्या फॉर्मवर सही केली. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, वय अठ्ठ्याहत्तर, माझा फॉर्म बघायला म्हणून आल्या. जन्मभर अमरनाथ अमरनाथ करत होत्या. मी त्यांना वयाची अट वाचून दाखवली.

"म्हंजे माहं नाव लिवतच नाही ते?"

"नाही ना आजी. एका वयाच्या वर जाऊच देत नाहीत."

त्यांनी फॉर्मवरून हात फिरवला आणि परत दिला. "जाय बाप्पा तू. अन् आल्यावर मले सांगजो, देव केवढा दिसते ते."

खरं सांगायचं तर त्या वेळी मला थोडं बरं वाटलं होतं. माझ्यावर जळणारंही कुणीतरी आहे, असं.

चार दिवसांनी धाकटीचा फोन आला. "ताई, भाऊजी नाही येऊन राहिले म्हणे. मग मी येते तुमच्यासंग. एकट्या नका जाऊ."

"तू? तुझं तं झालं ना."

"झालं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण येते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा जाऊन पोट भरलं नव्हतं बाईचं. म्हणजे मावंद्याला पाटावर दोघी बसणार, आणि लोक म्हणणार, बघा, धाकटी दोनदा जाऊन आली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर यजमान मागून, "हो म्हण, हो म्हण, मले काळजी नाही राहणार." मी हो म्हटलं. एवढंच केलं की फोन ठेवण्याआधी सांगून टाकलं, या वेळी मावंदं माझं, माझ्या घरी, आणि पाट एकच. ती म्हणाली, "हो ताई, तुमचंच."

तयारीत मी कमी पडले नाही. उन्हाळाभर पहाटे उठून जिन्याचे मजले चढले-उतरले. दोनदा रामटेकला जाऊन गडाच्या पायऱ्या चढून आले. हेलिकॉप्टर यात्रेकरूला पंचतरणीच्या तळापर्यंत सोडतं. तिथून गुहेपर्यंतची वाट पायी किंवा घोड्यावर करायची असते. मी ठरवलं होतं, पायी. म्हणजे सासूबाईंचा नियम माझ्या बाजूनं राहील.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही विमानानं श्रीनगरला आणि तिथून गाडीनं बालतालला पोहोचलो. दिवसभरात नागपूरच्या उकाड्यातून थेट कानटोपीत. बालतालला यात्रा कंपनीच्या तंबूत आमची व्यवस्था होती. कंपनीचा माणूस म्हणाला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या जागा आहेत आणि तिसऱ्या दिवशीच्याही आहेत, कसं करायचं?

"ताई, उद्याचा दिवस इथंच थांबू," जाऊ म्हणाली. "अंगाले हवेची सवय होऊ द्या. वर एकदम गेलं की त्रास होते."

"तुले झाला होता का?"

ती बुटाच्या लेसकडे बघत राहिली. "होते काही लोकांले," म्हणाली.

आली मोठी जाणती. एकदा जाऊन आली तर आता मला हवा शिकवणार. मी कंपनीच्या माणसाला सांगितलं, उद्याचंच, पहिल्या फेरीचं. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तेव्हा तिनं जोर धरला असता तर, असं मी नंतर कितीदा तरी मनात म्हटलं. पण मी ऐकलं नसतं, हेही खरं.

हेलिपॅडवर आधी वजन करतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा तिनं सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. लोखंडी काट्यावर बॅगेसकट उभं राहायचं आणि तिथला माणूस वजन मोठ्यानं ओरडून सांगतो, कारण पंख्यांच्या आवाजात लिहिणाऱ्याला ऐकू जायला हवं. धाकटी चढली. "सत्तावन!" मग मी. "माताजी, बयासी!" रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, निदान मला तरी तसंच वाटलं. मी म्हटलं, बॅगेत सुकामेवा आहे. तो म्हणाला, "बैग पाँच किलो से ऊपर नहीं है, माताजी."

वजन बघूनच ते बसायची जागा ठरवतात. हलकी म्हणून तिला पुढे, पायलटच्या शेजारी. मला मागे, मधोमध, दोन धिप्पाड पंजाबी गृहस्थांच्या मध्ये. आणि जवळ गेल्यावर दिसलं, त्या हेलिकॉप्टरला चाकं नव्हतीच. खाली नुसते दोन लांब दांडे.

ज्या हेलिकॉप्टरसाठी मी दोन वर्षं जळले, त्यातून मला काय दिसलं ते सांगते. तिची लोकरीची जांभळी टोपी दिसली. टोपीच्या एका बाजूनं थोडा डोंगर, दुसऱ्या बाजूनं थोडं आभाळ. डावीकडच्या गृहस्थांनी खिडकीला मोबाइल चिकटवून धरला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. मध्येच एक वळण घेतलं तेव्हा सगळे "वाह" म्हणाले. काय होतं ते मला कळलं नाही. तिनं मागे वळून बोट दाखवलं, ताई बघा म्हणून. मी मान हलवली, जणू दिसलं. सात-आठ मिनिटांत आम्ही उतरलो. एवढ्या वेळात आमच्या घरून प्रताप नगरच्या चौकातली भाजीसुद्धा आणून होत नाही.

पंचतरणीला उतरल्यावर पहिली पाच मिनिटं मी खूश होते. मोठं पठार, पाण्याचे पसरट ओघ, रांगेनं तंबू, भंडाऱ्यांतून धूर आणि भजनं, आणि चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर इतके जवळ की मान मागे टाकावी लागत होती. मी तिला म्हटलं, "चल." आणि चालायला लागले.

पन्नास पावलं गेले असेन. डोक्यात कुणीतरी खलबत्ता घेऊन बसल्यासारखं झालं. मी श्वास घेत होते आणि तो पोचत नव्हता. मी एका दगडावर बसले, म्हटलं, लेस सुटली आहे. मग तिथंच ओकले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं वैद्यकीय तंबूकडच्या जवानाला बोलावलं. ती घाबरली नाही, इकडेतिकडे विचारत बसली नाही. तंबू कुठे आहे ते तिला माहीत होतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्यानं बोटाला चिमटा लावून आकडा बघितला, तोंडावर मास्क बसवला आणि म्हणाला, "पैदल आने वालों को दो दिन मिलते हैं. आप लोग उड़ के आ जाते हो, शरीर नीचे ही रह जाता है." वर जायचं नाव काढायचं नाही, पहिल्या हेलिकॉप्टरनं खाली. आणि तेवढ्यात ढग आले आणि उड्डाणं बंद झाली. म्हणजे वर जाता येत नव्हतं आणि खालीही.

मी खाटेवर पडले होते. मास्कच्या आत माझाच श्वास घुमत होता. गुहा तिथून सहा किलोमीटर होती. नागपुरात मी रोज सकाळी तेवढं चालते. पाट गेला, एवढंच डोक्यात येत होतं. ती खाटेच्या कडेला बसली होती.  मग म्हणाली,

"ताई, एक सांगू का?"

मी डोळे उघडले.

"त्या वेळी मी वर गेलीच नव्हती. इथंच पडली होती, अशाच खाटेवर, नाकातोंडाले हे लावून. हे एकटेच घोड्यावर जाऊन आले."

मास्क होता म्हणून, नाहीतर मी काय बोलले असते कोण जाणे. मी हातानंच विचारलं, मग ते मावंदं?

"यांनी खाली उतरल्यावर घरी फोन केला तेव्हा म्हणाले, आमचं दर्शन झालं. आमचं म्हणाले. मले वाटलं, घरी जाऊन सांगीन. घरी गेली तं पुरण शिजून राहिलं होतं. अख्खं घर भरलेलं. मंग नाही आलं बोलता. सगळे पाया पडून राहिले होते, तुम्हीसुद्धा." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. "मी पाय मागे घेतले होते, तुम्ही पुढे ओढले."

मला तिची कीव आली, असं कुणी समजू नये. मला संताप आला. दोन वर्षं. जिन्याचे मजले, रामटेकच्या पायऱ्या, रात्री कूस बदलत काढलेले तास, सगळं मी जे झालंच नव्हतं त्यावर जळत काढलं होतं. फुकट. तिनं माझा मत्सरसुद्धा खोट्या मालावर करवून घेतला होता. आणि एवढ्या संतापातही एक थंड विचार माझ्या मनात आला: आता हे माझ्या हातात आहे. एका वाक्यात मी धरमपेठ खाली आणू शकते.

"म्हणून आली होती मी तुमच्यासंग," ती म्हणाली. "एकदा खरं खरं जाऊन येऊ म्हटलं. पण तुम्ही म्हणाल तं थांबते इथंच."

मी मास्क बाजूला केला. "जा," मी म्हटलं.

हे माझं मोठेपण नव्हतं. मी म्हटलं कारण थोरल्या जावेनं असंच म्हणायचं असतं. आणि मला खात्री होती की ती म्हणेल, नाही ताई, तुम्हाले सोडून कशी जाऊ. तसं तिनं म्हणावं म्हणूनच मी म्हटलं. पण ती उठली. तिच्या बुटाच्या लेसा आधीच आवळून बांधलेल्या होत्या. तिनं जांभळी टोपी कानांवर ओढली, माझं पांघरूण खोचलं, डॉक्टरला काहीतरी सांगितलं, आणि गेली. घोडा नाही केला. पायी गेली.

तो दिवस मी तंबूच्या कापडाकडे बघत काढला. बाहेरून लोक जायचे, घोड्यांच्या घंटा वाजायच्या. भंडाऱ्यातला एक जण कढी-भात घेऊन आला, मी दोन घास खाल्ले. मध्येच मनात यायचं, वाटेत पाऊस लागून तिला परत यावं लागलं तर? असं यायला नको, हे कळत होतं. येत होतं.

संध्याकाळी उजेड होता तेव्हाच ती आली. बूट चिखलानं भरलेले, ओठ फुटलेले, नाक लाल. पन्नाशी उलटलेली बाई, पण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. म्हणजे वाईट दिसत होता म्हणून नाही. तीस वर्षांत मी तो चेहरा सणावाराला, लग्नकार्यात, दागिन्यांत, नव्या घराच्या वास्तूला पाहिला होता, आणि असा कधी पाहिला नव्हता. आतापर्यंत मी तिचं जे जे काही हवंहवंसं म्हणून मोजलं होतं ते त्यापुढे काहीच नव्हतं. माझ्या छातीत खरोखर दुखलं. या वेळी माल खरा होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"केवढा होता?"

ती खाटेशी उभी होती. हात खाली करून तिनं गुडघ्याच्या थोडं वर दाखवलं. "एवढुसाच उरला होता, ताई. वितळून गेला होता. पण होता." मग तिनं पिशवीतून प्रसादाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली, आणि माझ्या खाटेच्या कोपऱ्यावर बसल्या बसल्या झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं आणि आम्हाला खाली आणलं. या खेपेला मला खिडकी मिळाली. मी डोळे मिटून घेतले.

बालतालला फोनला रेंज आली तसा यजमानांचा फोन आला. दोन दिवस लागत नव्हता म्हणून ते घाबरले होते. ती माझ्या शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होती.

"झालं का वं दर्शन?" यजमान म्हणाले. मागून सुनेचा आवाज येत होता, ती कुणाला तरी विचारत होती, पुरणाले डाळ किती किलो टाकायची.

मी तिच्याकडे पाहिलं. ती बिस्किटाकडे बघत होती.

"झालं," मी म्हटलं. "आमचं दर्शन झालं."

बिस्किट तुटून तिच्या चहात पडलं. तिनं ते चमच्यानं काढून खाल्लं आणि म्हणाली, गाडी किती वाजता आहे.

वाटेत दोन दिवस होते. मी घरी फोन करून सांगू शकले असते. श्रीनगरला, दिल्लीला, नागपूरच्या विमानतळावर टॅक्सीत बसताना. प्रत्येक ठिकाणी मी ठरवलं आणि पुढच्या ठिकाणावर ढकललं. ती एका अक्षरानं बोलली नाही. तिनं म्हटलं असतं, ताई, सांगून टाका, तर मी सांगितलं असतं. किंवा तिच्याशी भांडले असते, आणि तेही बरं झालं असतं.

त्या रविवारी आमच्या घरी मावंदं झालं. सुनेनं चांगली तयारी केली होती. जिन्यापासून रांगोळी. दाराला तोरण. पाट एकच मांडलेला, मी सांगितलं होतं तसा. मी नवी पैठणी नेसून त्यावर बसले. पाय परातीत ठेवले. सगळे गोलाकार उभे होते, यजमानांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कुणीतरी म्हटलं, आधी घरच्या सुवासिनीनं पाय धुवायचे. धाकटी पुढे आली.

पदर खोचून ती खाली बसली. हेच मी दोन वर्षं डोळ्यांपुढे आणत होते, आणि तसंच्या तसं होत होतं. तिच्या डोळ्यांत दर्शनाचं ते जे काही होतं ते अजून थोडं शिल्लक होतं. या खोलीत गुहेपर्यंत गेलेले पाय दोनच होते, आणि ते तिनं साडीखाली दुमडून घेतले होते. तिनं तांब्यानं पाणी घातलं आणि माझ्या पायांना हात लावला.

माझे पाय मागे गेले. मी नेले नाहीत, ते गेले.

तिनं ते धरले. मी तिचे धरले होते तसे ओढून नाही, नुसते धरून ठेवले. वाकली, डोकं टेकवलं, आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू द्या, ताई. होते सवय."

उठली आणि पुरणपोळ्या वाढायला आत गेली. तिच्यामागे रांग होती. दीर, सून, मुलगा, खालच्या मजल्यावरचे. मग समोरच्या आजी. त्यांना वाकता येत नव्हतं, दोघींनी धरून खाली बसवलं. त्यांनी माझ्या ओल्या पायांवर कपाळ टेकवलं ते लवकर उचललंच नाही. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी लगेच ओळखली. माझीच होती.

"सांग वं आता," त्या म्हणाल्या. "देव केवढा होता?"

आतल्या दारात धाकटी पोळ्यांचं ताट घेऊन थांबली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाटावर बसल्या बसल्या हात वर केला. कपाळाशी आला तेव्हा थांबवायला हवा होता. पण तिनं तिथपर्यंतच दाखवला होता. मी हात आणखी वीतभर वर नेला.

"एवढा," मी म्हटलं.

आजींनी हात जोडले.